मलावीच्या खेड्यात सेवेसाठी राहायला जाताना : पहिले वर्ष

मध्य मलावीतील एका खेड्यात काही वर्षांच्या सेवेसाठी निघालेल्या, नगर जिल्ह्यातील एका दांपत्याने सविस्तर पत्र लिहून चार गोष्टी विचारल्या आहेत : खेड्यात रुळायचे कसे, कामाला कधी हात घालायचा, आजारपणाचे आणि पैशाच्या मागण्यांचे काय करायचे, आणि बरोबर काय न्यायचे. यजमान शिक्षक आहेत, त्यांच्या पत्नी परिचारिका आहेत आणि सात वर्षांची मुलगीही बरोबर जाणार आहे. मी त्याच प्रदेशात, चेवा लोकांच्या खेड्यांत, तेथील ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, शाळांमध्ये दीर्घकाळ काम केले आहे; त्या अनुभवाच्या आधारे हे लिहिते.

बाकीची सगळी उत्तरे ज्या एका गोष्टीवर अवलंबून आहेत, ती आधी सांगते. पहिले वर्ष तुम्ही कोणाच्या तरी हाताखाली राहा : गावप्रमुखाच्या, तेथील पाळकसाहेबांच्या, शेजारच्या एखाद्या वयस्क बाईच्या. स्वतःचा उपक्रम, स्वतःचा वर्ग, स्वतःचा दवाखाना असे काहीही या वर्षात सुरू करू नका. तुम्हाला पाठवणाऱ्या मंडळीला हे निघण्यापूर्वीच स्पष्ट सांगा, कारण इकडून सहा महिन्यांतच अहवाल आणि छायाचित्रे मागितली जातात, आणि त्या मागणीच्या दडपणाखाली चांगली माणसे घाईघाईने काहीतरी उभारून बसतात. गावाला ते नको असते, पण पाहुण्याला नाही म्हणणे तेथे असभ्य समजले जात असल्याने कोणी तसे बोलून दाखवत नाही.

सुवार्ता तेथे पोहोचायची आहे, अशी समजूत मनात असेल तर ती येथेच ठेवून जा. २०१८ च्या जनगणनेनुसार मलावीतील सुमारे ७७ टक्के लोक ख्रिस्ती आहेत. स्कॉटलंडच्या लिव्हिंगस्टोनिया मिशनने १८७५ मध्ये मलावी सरोवराच्या काठी पहिले ठाणे उभारले. आज गावोगावी दिसणारी मध्य आफ्रिकेची प्रेस्बिटेरियन मंडळी १९२४ साली एकत्रित झाली आणि तिचा कारभार केव्हाच तेथील लोकांच्या हातात गेला. तुमच्या गावात बहुधा पाळक, वडीलमंडळ (मंडळीचा कारभार पाहणारे ज्येष्ठ, ज्यांना ‘वडील’ म्हणतात), गणवेश घालून उपासनेला येणारा स्त्रियांचा संघ आणि कोणत्याही वाद्याशिवाय चार आवाजांत गाणारे गायकमंडळ हे सगळे आधीपासूनच असेल. म्हणून आपल्या मंडळीचे शिफारसपत्र वडीलमंडळाच्या स्वाधीन करा, सभासद म्हणून नाव नोंदवा, अर्पण द्या, आणि उपदेशासाठी बोलावले जाईपर्यंत बाकावर बसा. पाळकसाहेबांकडे अनेकदा दूरदूरच्या लहान प्रार्थनास्थानांची जबाबदारी असते आणि ते सायकलवरून फिरतात. त्यांच्याबरोबर जाणे, त्यांचे ऐकणे आणि परतताना प्रश्न विचारणे हेच यजमानांचे पहिल्या वर्षातले शिक्षण समजावे.

आपण भारतीय आहोत, याचा तेथे काय अर्थ लावला जातो हेही ठाऊक असले पाहिजे. मलावीत भारतीय म्हणजे दुकानदार. बहुतेक गुजराती असलेली ही व्यापारी कुटुंबे तेथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि देशाचे पहिले अध्यक्ष बांदा यांच्या राजवटीत १९७० च्या दशकात आशियाई व्यापाऱ्यांना खेड्यांतून उठवून मोठ्या शहरांपुरते मर्यादित केले गेले. त्यामुळे खेड्यातल्या वयस्क माणसांच्या मनात भारतीयांविषयी काही जुने संकोच आहेत, आणि भारतात ख्रिस्ती लोक असतात हेच अनेकांना नवल वाटते. तुमच्याकडे काही विकायला आहे का, असे लोक सुरुवातीला सरळ विचारतील. त्याचे वाईट वाटून घेऊ नका. अशा वेळी नाशिकची हकीकत सांगावी, कारण ती त्यांचीही आहे. १८६१ साली आजच्या दक्षिण मलावीत शिरे नदीच्या वरच्या डोंगराळ भागात गुलामांच्या तांड्यातून सोडवलेला चुमा नावाचा मुलगा पुढे स्कॉटिश मिशनरी व प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्याबरोबर मुंबईला आला आणि डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत शिकला. नाशिकजवळ शरणपूर येथे चर्च मिशनरी सोसायटीने मुक्त केलेल्या आफ्रिकी मुलांसाठी आश्रम चालवला होता, त्यात जेकब वेनराइट शिकला. १८७३ मध्ये आजच्या झांबियातील चितांबो गावी लिव्हिंगस्टन वारले, तेव्हा अंत्यविधीचा पाठ वाचला तो वेनराइटने, आणि लिव्हिंगस्टन यांचे सेवक सुसी, चुमा व त्यांच्या सोबत्यांनी ते शव महिनोन्‌महिने चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत नेले. त्याआधी, १८६४ मध्येच, शरणपूरचे काही विद्यार्थी मोंबासाजवळच्या रबाई येथे सुवार्तेच्या कामासाठी गेले होते. आपल्या जिल्ह्याशेजारच्या मातीत शिकलेली आफ्रिकी मुले आफ्रिकेत सेवक म्हणून परतली, ही गोष्ट मी तेथे जेव्हा जेव्हा सांगितली, तेव्हा बसलेली माणसे सरसावून जवळ आली आहेत.

पोहोचल्यानंतर पहिल्या काही दिवसांतच गावप्रमुखाची भेट घ्यावी, आणि ती मंडळीच्या एखाद्या वडिलांना बरोबर घेऊनच घ्यावी. मलावीत गावप्रमुख, त्यावर अनेक गावांचा प्रमुख आणि त्याहून वर पारंपरिक अधिकारी अशी उतरंड आहे, आणि खेड्यातली जमीन, भांडणे, अंत्यविधी, बाहेरून आलेल्यांचा मुक्काम हे सगळे तिच्या कक्षेत येते. प्रमुख स्त्रीही असू शकते. टोपी काढावी, दाखवलेल्या जागी, बहुधा चटईवर, बसावे, आणि बोलणे बरोबर आलेल्या वडिलांना सुरू करू द्यावे. साखर, साबण अशी साधी भेट पुरे. तुम्ही कोण, कोणी पाठवले, किती काळ राहणार, हे तेथे एकदा सर्वांसमोर सांगितले गेले की पुढे तुमच्या बऱ्यावाईटाची जबाबदारी गाव घेते. भेटीला येणारे पाहुणे, छायाचित्रे, घराला जोडून एखादी खोली बांधणे, या प्रत्येक गोष्टीसाठी नंतरही त्यांना आधी विचारत जा.

ताईंना एक गोष्ट विशेष सांगायची आहे : पाणी स्वतः भरा. गावात बहुधा कूपनलिकेवर आफ्रिडेव्ह जातीचा हातपंप असेल. उजाडण्यापूर्वीच बायका अंगण झाडून तेथे जमतात. बादल्या रांगेत लागलेल्या असतात, लांब दांडा एकीने हलवायचा आणि दुसरीने बादली धरायची. तुम्हाला पाहुणी म्हणून पुढे बोलावतील. तुम्ही मागेच राहिलात आणि पुढच्या बाईसाठी दांडा मारलात, की त्या दिवसापासून हातपंपावरचे बोलणे तुमच्या कानावर पडू लागेल. कोणीतरी आपल्या चितेंज्याची, म्हणजे कमरेला गुंडाळायच्या छापील कापडाची, चुंबळ करून तुमच्या डोक्यावर ठेवील आणि बादली चढवील. पाणी सांडेल, हसतीलही, हसू द्या. कोणाच्या घरी आजारी माणूस आहे, कोणाचा दाण्याचा कणगा रिकामा झाला, कोणाच्या मुलीने शाळा सोडली, हे मला नेहमी तेथेच समजले.

पोशाखाविषयी थोडक्यात. बांदांच्या काळात स्त्रियांना पँट आणि आखूड झगे घालण्यास कायद्यानेच बंदी होती. ती १९९० च्या दशकात उठली, पण खेड्यातली रीत फारशी बदललेली नाही. पंजाबी ड्रेसवरून चितेंजे गुंडाळले की काम भागते. दारात जाऊन कडी वाजवायची नाही, अंगणाच्या कडेला थांबून ‘ओदी’ म्हणून हाक द्यायची आणि आतून उत्तर आले की पुढे जायचे. काही देता-घेताना उजवा हात पुढे करून डावा हात त्याच्या कोपराखाली टेकवावा. मोठ्यांना अभिवादन करताना बायका गुडघे टेकतात. परक्यांकडून तशी अपेक्षा नसते, पण किंचित वाकलेले सर्वांना आवडते. चौकशी पूर्ण होईपर्यंत कामाचे बोलू नये. वाटेत भेटलेल्या माणसाला तब्येत न विचारता पुढे जाणारा शिक्षक कितीही विद्वान असला, तरी त्याच्याकडे मुले मोकळेपणाने येत नाहीत.

आता एका अशा गोष्टीकडे येते, जी महाराष्ट्रातून जाणाऱ्याच्या ध्यानात सहजासहजी येत नाही. चेवा लोकांत कुळ आईकडून चालते. जमीन बहुधा मुलींकडे जाते, आणि लग्नानंतर अनेक पुरुष बायकोच्या गावी राहायला येतात. तुमच्या शेजारचा कर्ता दिसणारा पुरुष त्या गावात तुमच्यासारखाच बाहेरून आलेला असू शकतो, आणि मुलांविषयीचा शेवटचा शब्द त्याचा नसून मुलांच्या मामाचा असू शकतो. लग्नाच्या बोलणीत आणि नवराबायकोच्या भांडणात दोन्ही बाजूंचे न्खोस्वे, म्हणजे जबाबदारी घेतलेले नातलग, मध्ये असतात. शिक्षकाने पालकांची सभा बोलावून वडिलांकडून होकार घेतला आणि मुलगी तरीही शाळेत आली नाही, तर वडिलांनी शब्द मोडला असे समजू नये. कदाचित तो शब्द द्यायचा अधिकारच त्यांना नव्हता. परिचारिकेला तर हे रोज लागेल. बाळंतिणीला मोठ्या रुग्णालयात हलवायचे असते, गाडीही मिळालेली असते, आणि घरचे मामाची वाट पाहत थांबतात. हट्ट करून उपयोग होत नाही. गरोदरपणातच, तपासणीच्या वेळी, ‘अडचण आली तर कोणाला विचारावे लागेल’ हे नाव आणि त्यांचा फोन क्रमांक लिहून घेणे हा मला सापडलेला सर्वांत परिणामकारक उपाय आहे, आणि तो प्रत्येक नव्या परिचारिकेने अंगवळणी पाडावा असे मला कळकळीने वाटते.

अंत्यविधी चुकवू नका. तुमच्याविषयी गावाचे मत कशावर ठरेल, असे कोणी मला विचारले तर मी हेच उत्तर देईन. गावात कोणी गेले की शेतातले कुदळकाम थांबते, वर्गही लवकर सुटतो, बायका जळण, मक्याचे पीठ आणि पाणी घेऊन त्या घरी जातात आणि रात्रभर मृताजवळ बसून गातात. पुरुष बाहेर शेकोटीभोवती बसतात, आणि नेमलेली माणसे झाडीतल्या दफनभूमीत कबर खणतात. ताईंनी डोक्याला फडके बांधून, चितेंजे नेसून बायकांमध्ये जमिनीवर बसावे. यजमानांनी पुरुषांत बसावे. भाषा येत नसली तरी चालते, तेथे बोलायचे फारसे नसतेच. बहुतेक ठिकाणी वर्गणीचा हिशेब सर्वांसमोर सांगितला जातो, म्हणून शेजारी देतात तेवढेच द्या. तुम्ही मोठी रक्कम दिलीत तर त्या घरावर तिचे ओझे होते आणि पुढच्या अंत्यविधीला दुसरे घर तीच अपेक्षा धरते.

अंत्यविधीच्या किंवा मुलींच्या वयात येण्याच्या प्रसंगी तुम्हाला गुले वामकुलु दिसेल : न्याऊ या गुप्त मंडळाचे मुखवटे घातलेले नर्तक. युनेस्कोने त्याला मानवतेच्या अमूर्त वारशात स्थान दिले आहे. दुसरीकडे मंडळ्यांचा त्याच्याशी शंभर वर्षांहून जुना वाद आहे, आणि अनेक ठिकाणी त्यात भाग घेणाऱ्या सभासदावर शिस्तीची कारवाई होते. मुखवटेवाला वाटेत आला तर बाजूला व्हावे, छायाचित्र काढू नये, मुलीला जवळ घ्यावे. त्याविषयी मत देण्याची घाई करू नका. ख्रिस्ती माणसाने या परंपरेतले काय राखावे आणि काय सोडावे, हे तेथील वडीलमंडळ ठरवते. तो त्यांचा अधिकार आहे. कीर्तन आणि अभंग ख्रिस्ती उपासनेत आणण्याचे धैर्य आपल्याकडे ना. वा. टिळकांनी दाखवले, कारण ते या मातीचे होते. परदेशी माणसाला तो निर्णय आपल्यासाठी घेता आला नसता. जादूटोण्याच्या आरोपांबाबत मात्र एक अपवाद करा : एखाद्या म्हाताऱ्या माणसाला त्या कारणाने धोका असल्याचे कानावर आले, तर त्याच दिवशी पाळकांना आणि प्रमुखांना सांगा.

आजारपण. १८६१ मध्ये इंग्लंडच्या युनिव्हर्सिटीज मिशनचे लोक बिशप मॅकेंझी यांच्या नेतृत्वाखाली आजच्या दक्षिण मलावीत आले. पुढच्या जानेवारीत प्रवासात त्यांची होडी उलटून औषधे पाण्यात गेली आणि काही आठवड्यांतच बिशप तापाने वारले. सरोवराकाठच्या केप मॅक्लियर येथे लिव्हिंगस्टोनियाच्या पहिल्या मिशनऱ्यांच्या कबरी आजही आहेत, आणि त्या मृत्यूंमुळेच ते ठाणे हलवावे लागले. आज कोणावर तशी वेळ येण्याचे कारण नाही, पण मलावीतला हिवताप प्रामुख्याने फाल्सिपारम जातीचा आहे आणि लहान मुलांत तो फार लवकर गंभीर होतो. आपल्याकडे हिवताप पाहिलेल्या परिचारिकेला आपण तो ओळखतो असे वाटते. तेथे ताप आला की त्याच दिवशी तपासणी, अंदाजावर एक रात्रही काढायची नाही. प्रतिबंधक गोळ्या कोणत्या आणि किती काळ घ्यायच्या, हे मुलीच्या वजनासह निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून ठरवून घ्या. क्लोरोक्विनच्या जुन्या पाकिटांवर विसंबू नका. औषधाला दाद न देणाऱ्या हिवतापामुळे मलावीने ते १९९३ मध्येच उपचारातून काढले. कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी संध्याकाळीच खोचून ठेवावी. पाणी उकळून किंवा क्लोरीन घालून प्यावे. २०२२-२३ च्या पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, साथीत त्या देशात सतराशेहून अधिक माणसे गेली. सरोवराचे पाणी कितीही स्वच्छ दिसले तरी मुलीला काठच्या उथळ, गवताळ भागात उतरू देऊ नका, कारण गोगलगायींमार्फत पसरणारा बिल्हार्झिया हा रोग तेथे आहे.

ताईंच्या व्यवसायाविषयी मला ठामपणे बोलायचे आहे. मलावीच्या नर्सेस अँड मिडवाइव्हज कौन्सिलकडे नोंदणी झाल्याशिवाय एकही इंजेक्शन देऊ नका. घरातून औषधे वाटू नका. रात्री तापलेले मूल घेऊन आई दारात उभी राहील, आणि तुमच्याकडे औषध असेल, तेव्हा हे पाळणे जड जाईल. तिच्याबरोबर आरोग्यकेंद्रापर्यंत जा, सायकल-टॅक्सीचे पैसे द्या, मुलाला मांडीवर घेऊन बसा. गावात हेल्थ सर्व्हेलन्स असिस्टंट म्हणजे सरकारी आरोग्यसेवक असतो. पाच वर्षांखालच्या मुलांच्या तापाची तपासणी आणि औषध अनेकदा त्याच्याकडेच असते. तुम्ही घरी दवाखाना मांडलात तर लोक त्याच्याकडे जाणे थांबवतील, आणि तुम्ही परत आल्यावर गावाकडे काहीच उरणार नाही.

पैशाचा प्रश्न ऋतूंशी बांधलेला आहे. पाऊस नोव्हेंबरच्या सुमारास येतो, मका पेरला जातो, आणि एप्रिल-मेमध्ये कापणी होईपर्यंत गेल्या वर्षीच्या दाण्यावर भागवायचे असते. जानेवारी ते मार्च हे उपासमारीचे महिने. त्याच काळात शेतात खुरपणी असते. पण ज्याच्या घरचे दाणे संपले, तो दुसऱ्याच्या शेतात रोजाने, म्हणजे गान्यूवर, जातो, त्याचे स्वतःचे शेत तणात बुडते, आणि पुढच्या वर्षी दाणे आणखी लवकर संपतात. हे चक्र एकदा समजले की मदत केव्हा करायची हेही समजते. तुमच्याकडे जी मजुरीची कामे असतील, म्हणजे विटा पाडणे, छपराचे गवत कापणे, कुंपण घालणे, ती मे ते ऑक्टोबरमध्ये काढा आणि रोख मजुरी द्या, म्हणजे लोकांना मका स्वस्त असताना घेऊन ठेवता येतो. फेब्रुवारीत दारात येणाऱ्याला रिकाम्या हाताने पाठवू नये, पीठ द्यावे. मोठ्या मागण्या, विशेषतः माध्यमिक शाळेच्या खर्चाच्या, मंडळीच्या वडिलांकडे न्याव्यात. प्राथमिक शिक्षण १९९४ पासून मोफत आहे, माध्यमिकला काही ना काही खर्च येतोच, आणि कोणत्या मुलाची खरी अडचण आहे हे त्यांनाच ठाऊक असते. उसने देऊ नका. परत न करू शकलेला माणूस तुमची वाट टाळू लागतो आणि एक शेजारी गमावला जातो.

भाषेसाठी रोज दुपारी एक तास एखाद्या निवृत्त शिक्षकाकडे मजुरी देऊन बसा, आणि बाकीचा दिवस शिकलेले वापरत राहा. चिचेवा या चेवा लोकांच्या भाषेतील उच्चार मराठी जिभेला जड नाहीत. नामांचे वर्ग आणि त्यांप्रमाणे बदलणारी क्रियापदे हेच खरे काम आहे. इंग्रजी येणारे लोक शाळेत भेटतील, पण हातपंपावर आणि अंत्यविधीत भेटणार नाहीत. तुमची मुलगी तुमच्या आधी बोलू लागेल. तिला गावातल्या शाळेत पाठवा. खालच्या वर्गांत शंभरावर मुले असतात, फळा दिसत नाही, म्हणून वाचन आणि गणित घरी घ्या, पण मैत्रिणी तिला तेथेच मिळतील. रात्रीची प्रार्थना मराठीतच ठेवा. पहिल्या पावसाळ्यात, रस्ते बंद पडल्यावर, आपले गाणे आणि आपली भाषा यांचा आधार तुम्हा तिघांनाही फार मोठा वाटेल.

सामानाविषयी. पदवीची आणि नोंदणीची मूळ कागदपत्रे व त्यांच्या साक्षांकित प्रती, पुरेशी औषधे, चष्म्याची दुसरी जोडी, सौरदिवे, प्रेशर कुकर आणि त्याच्या जास्तीच्या रिंगा, मसाले, मराठी पवित्र शास्त्र आणि गीतांचे पुस्तक एवढे न्या. अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे प्रवास असेल तर पीतज्वराची लस किमान दहा दिवस आधी घेऊन दाखला जवळ ठेवा. डाळ नेऊ नका. दक्षिण मलावीत तूर भरपूर पिकते आणि भारतातही येते. शेंगदाणे, रताळी, भोपळ्याची पाने, माठासारखी भाजी, भेंडी सगळे बाजारात मिळते. मक्याच्या पिठाची न्सिमा मात्र पहिल्या आठवड्यापासून रोज एकदा तरी खा, कारण कोणाच्याही घरी गेलात तरी तीच समोर येईल. वाटण्यासाठी जुने कपडे आणि चॉकलेटे घेऊन जाऊ नका. जाण्याची तारीख अजून ठरायची असेल, तर मे अखेरीस किंवा जूनमध्ये पोहोचा : कापणी झालेली असते, रस्ते कोरडे असतात, लोकांना बसून बोलायला सवड असते, आणि पहिला पाऊस येईपर्यंत भाषेसाठी पाच महिने हातात मिळतात.